जून महिन्याची पुंजी

काटकसरीवर निबंध लिहावयास सांगितला कीं, आमचे विद्यार्थी-मित्र ‘थेंबे थेंबे तळें साचे’ या म्हणीनें आरंभ करितात, मध्यें मुंगीस आणून बसवितात, आणि शेवटीं उधळपट्टीचा कडक निषेध करून वही मिटतात. गुणही बरे मिळतात. यांत त्यांचा दोष नाहीं. त्यांच्या वयाचे असतांना आम्हींही हाच निबंध लिहिला होता. परंतु पुढें संसारांत पडल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, हे थेंब वर्षभर सारखे पडत नाहींत. आमच्या भोकरच्या बाजूस तर पैशाचा पाऊस दिवाळीस पडतो, आणि पैशाची तहान जूनमध्यें लागते.

आम्ही येथील मोंढ्यांत एका आडत दुकानीं हिशेब लिहितों, म्हणून ही गोष्ट आम्हांस इतरांहून थोडी अधिक स्पष्ट दिसते. सोयाबीनचीं पोतीं दसरा-दिवाळीच्या सुमारास येऊं लागतात. कापूस त्यापुढें वेचणीवेचणीनें येत राहतो. त्या दिवसांत गांवांत नाणें खेळतें, कापडाच्या दुकानांत उभें राहण्यास जागा नसते, आणि लग्नांच्या याद्या होऊं लागतात. पुढें मृग निघतो तो बियाण्याच्या पिशव्या, खताचीं पोतीं व नांगरणी-वखरणीची मजुरी हीं सर्व एकदम दारांत घेऊन. त्याच पंधरवड्यांत शाळाही उघडते. सरकारी व अनुदानित शाळांतून आठवीपर्यंतचीं पाठ्यपुस्तकें मोफत मिळतात हें खरें. पण वह्या, दप्तर, बूट व रिक्षाचें भाडें हीं घरांतूनच द्यावयाचीं असतात. ज्यांचीं मुलें दहावी होऊन लातूरला किंवा नांदेडला शिकवणीसाठीं निघालीं, त्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. शुल्क, खोलीचें भाडें व खानावळ यांची रक्कम त्यांस एका हातानें मोजून द्यावी लागते. शेतकरी तेवढा अडतो असें नाहीं. त्याच्याच खरेदीवर गवंडी, शिंपी, रिक्षावाला व आमच्यासारखा दुकानचा कारकून जगतो. जूनमध्यें शेतकरी उचल मागावयास येतो, आणि त्याच्या मागें, थोडें लाजत, आम्हीही मालकापुढें उभे राहतों.

उचल, उसनवार किंवा सावकार, या तिहींपैकीं तिसऱ्याचा हिशेब आम्ही विद्यार्थ्यांस करून पाहावयास सांगूं. राज्यांत २०१४ सालापासून सावकारीच्या नियमनाचा नवा कायदा आहे व परवान्यावांचून हा धंदा करणें गुन्हा आहे. तरी खेड्यापाड्यांत ‘शेकडा तीन’ व ‘शेकडा पांच’ हे शब्द अद्याप ऐकूं येतात. शेकडा तीन म्हणजे शंभर रुपयांस दरमहा तीन रुपये, अर्थात् वर्षास शेकडा छत्तीस. जूनमध्यें घेतलेले २०,००० रुपये पांच महिन्यांनीं दिवाळीस फेडावयाचे, तर व्याज ३,००० रुपये झालें. शेकडा पांच असेल तर ५,०००. आणि दिवाळीस पीक बुडालें तर? मग हें गणित पुढील जूनपर्यंत चालतें, आणि तेव्हां नवें कर्ज जुन्याच्या खांद्यावर बसतें. आम्ही ज्या काटकसरीविषयीं लिहीत आहों तिचा पहिला उपयोग श्रीमंत होणें हा नव्हे. जूनमध्यें कोणाच्या ओट्यावर जाऊन बसावें लागूं नये, एवढाच तो आहे.

पुंजी सांठविण्याची कला या मुलुखांतील स्त्रियांस कोणी शिकवावी लागत नाहीं. आमच्या आजीची एक पुरचुंडी घरांत अद्याप आहे. तींत निजामी राज्यांतील हाली शिक्क्याच्या नोटा आहेत. १९४८ सालीं मराठवाडा मुक्त झाला. १९५० त हाली सात रुपयांस भारतीय सहा रुपये असा भाव ठरला, आणि १९५९ सालीं हालीचें चलन कायमचें बंद झालें. आजीनें ती पुरचुंडी ज्वारीच्या कणगींत इतकी जपून ठेविली होती कीं, मुदत टळून गेल्यावरच ती सांपडली. ही गोष्ट सांगून आम्ही लहानपणीं हंसत असूं. पुढें ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, आणि दुसऱ्या दिवशीं गल्लोगल्लीं डाळीच्या डब्यांतून, गादीच्या खोळींतून, देव्हाऱ्याच्या मागून नोटा बाहेर निघूं लागल्या. पुष्कळ घरच्या पुरुषांस आपल्या घरांत पैसे होते हें त्या दिवशीं प्रथमच कळलें! तेव्हां मात्र आम्हांस हंसूं आलें नाहीं. ज्या घरांत बचत लपवावी लागते, त्या घरांत ती करणारी व्यक्ति एकटी पडलेली असते.

लपविण्यापेक्षां चारचौघींत ठेवावी, हा मार्ग बचत गटांनीं दाखविला. महाराष्ट्रांत महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे. नाबार्डनें १९९२ सालीं गटांस बँकांशीं जोडण्याचा प्रयोग आरंभिला. आणि ‘उमेद’ हें अभियान २०११ पासून खेड्यांत फिरत आहे. दहा-वीस स्त्रिया दर आठवड्यास किंवा महिन्यास सारखी रक्कम जमा करितात, वहींत सर्वांसमक्ष नोंद होते, आणि जिला नड असेल तिला त्यांतूनच, गटानें ठरविलेल्या व्याजानें, कर्ज मिळतें. तें व्याजही गटाच्याच पेटींत परत येतें. याहून सुबुद्ध योजना क्वचितच सांपडेल. मात्र गटाच्या नांवावर कर्ज उचलावें बायकोनें, खर्चावें नवऱ्यानें, आणि हप्त्याच्या दिवशीं बैठकींत मान खालीं घालावी पुन्हां बायकोनेंच, हा जो प्रकार कांहीं घरांतून चालतो, त्यास आम्ही बचत म्हणण्यास तयार नाहीं.

पोस्टाची बचत बँक तर १८८२ पासूनची. तेथें महिना शंभर रुपयांपासून पांच वर्षांचें आवर्ती ठेवीचें खातें उघडतां येतें. दहा वर्षांच्या आंतील मुलीच्या नांवें २०१५ पासून सुकन्या समृद्धीचें खातें निघतें, व तें चालू ठेवण्यास वर्षास अडीचशे रुपये पुरतात. पूर्वीं शाळाशाळांतून ‘संचयिका’ असे. विद्यार्थीच तिचे खातेदार व विद्यार्थीच कारकून, आणि १५ सप्टेंबर हा तिचा दिवस. चार-आठ आण्यांचीं तीं खातीं; पण पासबुकावर स्वतःचें नांव पाहण्याचा आनंद मोठा असे.

आतां आमच्या घरची गोष्ट सांगतों; ती सांगतांना थोडी लाज वाटते. मुलांच्या मातोश्री नांदेडास नोकरीस जातात. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांस अर्धें तिकीट झालें, तेव्हां आमच्या घरीं मोठा आनंद झाला. पण तें वांचलेलें अर्धें तिकीट कोठें गेलें, याची चौकशी आम्हीं कधीं केली नाहीं. इतरांचे पैन् पै हिशेब लिहिणाऱ्या मनुष्याच्या स्वतःच्या घरीं वही नव्हती! पुढें दीड वर्षानें कळलें कीं, तें मुलीच्या नांवें पोस्टांत जात होतें. आम्हीं त्यांची चार लोकांत फार प्रशंसा केली. त्याच महिन्यांत एका संध्याकाळीं त्या दुसऱ्याच गाडींत बसल्या व अर्ध्या वाटेंत उतरून परत आल्या, कारण गाडीची पाटी त्यांस वाचतां आली नव्हती. चष्म्याचा नंबर केव्हांच बदलला होता. पण नव्या चष्म्याचे पैसे ‘उगीच’ जातील म्हणून त्यांनीं तें कोणास सांगितलें नव्हतें. आमची प्रशंसा आमच्याच घशांत अडकली. आईच्या डोळ्यांतून, आईच्या ताटांतून, आईच्या औषधांतून जें वांचतें त्यास काटकसर म्हणण्याची चाल आपल्यांत फार जुनी आहे. ती मोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

त्या दिवसापासून घरांत वही आली. रविवारीं सकाळीं आठवीतले चिरंजीव ती मोठ्यानें वाचतात व सर्वांनीं ऐकावयाची असते. पहिल्याच महिन्यांत असें दिसलें कीं, तीन मोबाईलांचें रिचार्ज दुधाच्या निम्म्यावर जातें. दुसऱ्या रविवारीं चिरंजीवांनीं वाचलें: ‘बाबांचा मोंढ्यांतला चहा, दोन कप, रोज २० रुपये, महिन्याचे ६००, वर्षाचे ७,३००.’ हें शेवटचें गणित त्यांस कोणीं करावयास सांगितलें नव्हतें. आम्हीं बराच वेळ वाद घातला व एक कप राखला. मनुष्यानें चहा अजिबात सोडावा इतके कठोर आम्ही नाहीं. दुसऱ्या कपाचे वर्षास ३,६५० होतात. नवा चष्मा त्यांतच बसला, आणि कांहीं उरलेंही.

‘लहान मुलांच्या डोक्यास हा ताप कशाला?’ असें आमचे एक स्नेही म्हणतात. पालकांपैकीं पुष्कळांस तसेंच वाटत असेल. पण मुलांस कळत नाहीं असें ज्यास वाटतें त्यानें एकदां रात्रीं भिंतीपलीकडून आपलेंच बोलणें ऐकावें. मुलांस सर्व ऐकूं येतें. आंकडे तेवढे कळत नाहींत. आंकडे न कळल्यामुळें एक मूल आपण श्रीमंत आहों असें समजून हट्ट धरतें, तर दुसरें आपलें आतां कांहीं खरें नाहीं असें समजून मनांत कुढतें. हें दुसरें मूल आमच्याच घरांत होतें. वही सुरू होण्यापूर्वीं एकदां चिरंजीवांचें दप्तर झाडतांना तळाशीं शाळेच्या सहलीची चिठ्ठी सांपडली. तारीख उलटून गेली होती. ‘दाखविली कां नाहीं?’ असें विचारलें तर उत्तर आलें, ‘जून होता ना.’ दहा-बारा वर्षांचें मूल घराची कड घेऊन आपली सहल गुपचूप गिळून टाकतें, आणि बापास पत्ता नसतो! आईनें चष्मा लपविला, मुलानें चिठ्ठी लपविली, आणि आम्ही मोंढ्यांत बसून चहा पीत होतों.

म्हणून विद्यार्थी-मित्रांनो, तुमच्या घरीं वही असो वा नसो, चिठ्ठी मात्र दाखवीत जा. ‘नाहीं’ म्हणावयाचें असेल तर तें तुमच्या आईबाबांस म्हणूं द्या. तें काम तुमचें नव्हे. आणि ज्या घरांत वर्षांतून चार महिनेच मजुरी मिळते, त्या घरास काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, कोणासच नाहीं. तेथें आधीं कामाचा प्रश्न आहे. तशा घरचा विद्यार्थी वर्गांत असेल, तर त्याच्या फाटक्या दप्तराकडे पाहून हंसूं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे.

आमच्या घरीं दिवाळीपासून जूनच्या नांवें निराळें पान उघडलें आहे. तींत दरमहा ठराविक रक्कम पडते, ती पोस्टांत जाते, व तिला कोणी हात लावावयाचा नाहीं. गेल्या जूनमध्यें मालकापुढें उभें राहावें लागलें, पण पूर्वीच्या निम्म्या रकमेसाठीं. सहलीचेंही एक पान आहे; त्यांत महिना पन्नास रुपये. पावसाळा संपल्यावर चिरंजीव सहस्रकुंडाचा धबधबा पाहून आले व खर्चून उरलेले वीस रुपये त्यांनीं वहींत जमा केले. त्याखालीं त्यांच्या धाकट्या बहिणीच्या अक्षरांत एक ओळ आहे: ‘बाबांनीं आज दोन कप घेतले, असें काका सांगत होते.’ या नोंदीविरुद्ध आमची तक्रार येत्या रविवारीं सुनावणीस आहे.