राज्यसेवेचा स्वतंत्र मान

पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांतील अभ्यासिकांत दोन्ही आयोगांची पुस्तके एकाच मेजावर मांडून पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत बसणारे जे तरुण-तरुणी आढळतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मनात या दोन परीक्षांची प्रतवारी अगोदरच ठरून गेलेली असते. दिल्लीच्या आयोगाची परीक्षा हे ध्येय आणि राज्यसेवा ही ते ध्येय हुकल्यास पदरात पाडून घ्यावयाची सोय, अशी ती प्रतवारी आहे. घरची वडीलधारी मंडळी, शिकवणीवर्ग आणि वेशीवर अभिनंदनाचे फलक लावणारे गाव या सर्वांनी मिळून ती रुजविली आहे. ती अभ्यासाला घातक आहेच. परंतु पुढे ज्या खुर्चीवर बसावयाचे त्या खुर्चीच्या कामाला ती अधिक घातक आहे, असे माझे दृढ मत आहे.

बाह्य स्वरूपापुरते पाहिले तर दोन्ही परीक्षा आता पूर्वी कधी नव्हत्या इतक्या जवळ आल्या आहेत. दशकाहून अधिक काळ बहुपर्यायी राहिलेली राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. निबंध, सामान्य अध्ययनाच्या चार प्रश्नपत्रिका आणि वैकल्पिक विषयाच्या दोन मिळून १७५० गुण, मुलाखतीचे २७५, ही रचना केंद्राच्या परीक्षेसारखीच आहे. त्यामुळे एकाच वैकल्पिक विषयावर आणि एकाच लेखनसरावावर दोन्हीकडे जाता येते, ही सोय खरीच मोठी. पूर्वपरीक्षेत चुकलेल्या उत्तराला केंद्राकडे एक तृतीयांश आणि राज्याकडे एक चतुर्थांश गुण वजा होतात, एवढ्या फरकानेही अंदाजाने किती उत्तरे द्यावीत याचे गणित बदलते. ते सराव करूनच हाताला बसते.

पण या साम्यातूनच एक धोका उत्पन्न झाला आहे. केंद्राची तयारी पूर्ण करावयाची आणि शेवटच्या काही आठवड्यांत महाराष्ट्राचा भूगोल, महाराष्ट्राचा इतिहास आणि राज्याचे कायदे परिशिष्टासारखे जोडून घ्यावयाचे, असा प्रघात पडू लागला आहे. वस्तुतः ज्याला परिशिष्ट समजले जाते तेथेच शासन नावाची गोष्ट जमिनीला टेकलेली असते. दुष्काळाचाच विषय घ्या. केंद्राच्या परीक्षेसाठी विद्यार्थी मोसमी वाऱ्यांची यंत्रणा, आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा, पीकविमा हे वाचतो. राज्यसेवेच्या अभ्यासात त्याला पैसेवारी भेटते: गावोगाव पीक कापणी प्रयोग करून काढलेला तो आकडा, जो ५० पैशांच्या खाली उतरला म्हणजे जमीन महसुलातील सूट, कर्जवसुलीची स्थगिती आणि विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्कमाफी अशा सवलतींचा मार्ग वर्षानुवर्षे मोकळा होत आला. पुढे २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यमान, मातीतील ओल आणि उपग्रहाने टिपलेली वनस्पतींची स्थिती हे निकष पुढे आणले. आता ज्याने केवळ संहिता वाचली त्याला निकष ठाऊक असतात, पण बांधावर उभा असलेला खातेदार कोणत्या आकड्याची वाट पाहत वाढला हे ठाऊक नसते. आणि ज्याने केवळ पैसेवारी पाठ केली त्याला ती व्यवस्था का बदलावी लागली हे उमगत नाही. दोन्ही अभ्यास ज्याच्या ठायी एकत्र आले, त्यालाच टंचाईचा अहवाल लिहिण्याचा खरा अधिकार प्राप्त होतो.

संविधानाच्या ३७१ व्या अनुच्छेदाचेही तसेच. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्याविषयी राज्यपालांवर सोपविता येणारी विशेष जबाबदारी दिल्लीच्या पुस्तकात एका ओळीत संपते. परंतु १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालातील अनुशेषाची चर्चा वाचल्यावर त्या ओळीमागचे रखडलेले कालवे, न झालेले रस्ते आणि न पोहोचलेली वीज समोर उभी राहते.

ज्या पदांना दुय्यम समजले जाते त्यांचे काम तरी काय आहे? सातबाऱ्यावरील वारसाची नोंद अडली, शेतरस्त्याचा तंटा पेटला, पुरात घर वाहून गेल्याचा पंचनामा राहिला, म्हणजे माणूस तहसील कचेरीची पायरी चढतो. सचिवालयाचे नाव त्याच्या मनातही येत नाही. तहसीलदार, गटविकास अधिकारी, नगरपालिकेचा मुख्याधिकारी यांच्या एका सहीवर त्याचे वर्ष सावरते किंवा बुडते. शिवाय भारतीय प्रशासन सेवेतील ज्येष्ठ पदांचा एक तृतीयांशापर्यंतचा हिस्सा राज्यसेवेतून बढतीने भरला जात असल्यामुळे, उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झालेला मनुष्य पुढे जिल्हाधिकारी होऊ शकतो, आणि तो जिल्ह्यात येतो तो दप्तराची भाषा आतून जाणूनच.

वयाच्या बाबतीत मात्र मी तरुणांना कळकळीने सावध करीन. खुल्या वर्गाला केंद्राकडे वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा संधी आहेत. राज्याकडे वयोमर्यादा ३८ आहे. ग्रामीण भागातून उशिरा शिकून आलेल्यांसाठी ही सवलत न्याय्य आहे, परंतु ‘आणखी एक वर्ष’ म्हणत तारुण्याचा सबंध काळ अभ्यासिकेत वेचला जाण्याची वाटही तिच्यातूनच जाते. आरंभीच मर्यादा ठरवावी, घरी ती सांगून ठेवावी, आणि आईवडिलांनीही ती पाळू द्यावी.

राज्यसेवेचा मान राखण्याचे प्रथम कर्तव्य मात्र खुद्द राज्याचे आहे. हुशार विद्यार्थी दिल्लीकडे ओढला जातो त्याचे एक कारण असे की तेथील वेळापत्रकावर त्याला बहुधा विसंबता येते. आपल्याकडे परीक्षा पुढे ढकलल्या जातात, निकाल लांबतात, आणि निवड होऊनही उमेदवार नियुक्तीपत्राच्या प्रतीक्षेत ताटकळलेले आपण पाहिले आहेत. १ मे १९६० रोजी राज्याबरोबरच अस्तित्वात आलेल्या आयोगाला पुरेसे सदस्य व कर्मचारी वेळेवर द्यावेत, वर्णनात्मक परीक्षेसाठी वैकल्पिक विषयांची दर्जेदार पुस्तके विद्यापीठांकडून मराठीत लिहवून घ्यावीत, आणि अंतिम यादी लागल्यापासून नियुक्तीचा हुकूम हाती पडेपर्यंतची मुदत शासनाने स्वतःवर लेखी बंधनकारक करून घ्यावी.