काट्यावरचा कटला

मासे धरण्याची स्पर्धा असते, आणि धरलेले मासे नंतर जिवंत पाण्यात सोडून द्यावयाचे असतात, ही गोष्ट एखाद्या गृहिणीला पटवून देऊन पाहा! आमच्या घरी हा प्रयत्न गेली अकरा वर्षे चालू आहे. "पहाटे चारला उठायचं, घरची कणीक न्यायची, उन्हानं काळं होऊन रिकाम्या हातानं परत यायचं, आणि वर क्लबाची वर्गणी!" हा सौभाग्यवतींचा हिशेब. त्यात बेरजेची चूक काढता येत नाही. शेजारच्या शाकाहारी बिऱ्हाडाला मात्र आमचा उद्योग पसंत आहे. मासा खाल्ला जात नाही एवढ्यावरच ती मंडळी खूष. माशाचे मत अद्याप कोणी घेतलेले नाही.

यवतमाळ जिल्हा म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे कापूस येतो, सागवान येते, वैशाखातले ऊन येते. पाणी काही येत नाही. पण पुसदकडे पूस, दिग्रसकडे अरुणावती, बाभूळगावकडे बेंबळा अशी धरणे याच जिल्ह्यात आहेत, आणि लहान सिंचन तलाव तर कितीतरी. आमची स्पर्धा होते ती दारव्ह्याच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या अशाच एका तलावावर. नाव सांगत नाही. गळ टाकणारा माणूस एक वेळ बायकोला खरा पगार सांगेल, पण जागा सांगणार नाही.

हा साहेबी शौक आहे, असा एक समज आहे. मुंबईच्या पवई तलावाकाठी मचाणावर बसणारी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनची मंडळी पाहिली म्हणजे तो दृढही होतो. परंतु कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' आहेच. कोणत्या माशाला कसले आमिष द्यावे, याचा तपशील त्या राजाने हौसेने दिला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर निबंधही लिहिला. तेव्हा 'हे साहेबाचं खूळ' म्हणणाऱ्यांना मी सरळ कल्याणीला पाठवतो. राजाला वर्गणी भरावी लागत नव्हती, हा फरक मान्य.

आता ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांची ओळख करून देतो. कटला, रोहू आणि मृगळ हे एकाच कुळातले तिघे; इंग्रजीत त्यांना कार्प म्हणतात. तिघांनी पाण्याची वाटणी मोठ्या समजुतीने केली आहे. वरच्या थरात कटला, मधल्या थरात रोहू आणि तळाशी मृगळ. कटल्याचे तोंड वर वळलेले, मृगळाचे खाली. ज्याची पंगत जिथे तसे ज्याचे तोंड. एवढी समजूत आमच्या सोसायटीच्या बैठकीत दिसली असती तर जिन्यातला दिवा कधीच लागला असता.

पण या तिघांची एक अडचण आहे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती, पुराची नदी लागते. पूर्वी नदीतून बीज गोळा करून, मातीच्या हंड्यांत भरून, रेल्वेने दूरदूर नेत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून अंडी घालवून घेतली, आणि चित्र पालटले. आज आमच्या तलावातला प्रत्येक कटला असा कोणीतरी विकत आणून सोडलेला असतो. अगदी बारीक पिलांना 'मत्स्यजिरे' म्हणतात, बोटाएवढी झाली की 'बोटुकली'. जिऱ्याएवढ्या जिवाचा आठ-दहा किलोंचा मासा होईपर्यंत त्याच्यावर बगळ्यांची, पाणकावळ्यांची आणि रात्री गुपचूप जाळे टाकणाऱ्यांची नजर असते. एवढ्यातून जो वाचला तो मासा म्हणजे ठेका घेणाऱ्या भोई मंडळींची पाण्यातली ठेव.

आणि या ठेवीवर आम्ही अठरा पांढरपेशे रविवारी सकाळी गळ टाकून बसणार!

यंदा परवानगी सहज मिळाली नव्हती. आदल्या पावसाळ्यात सांडवा तीन दिवस वाहिला आणि पाण्याबरोबर बराच माल नाल्याने खाली गेला. मच्छीमार संस्थेतल्या तरुणांचे म्हणणे होते की यंदा हौशी लोकांना तलावावर फिरकू देऊ नये. होळीनंतर जाळे लावायचे आहे, तोवर माशाला कोणी हात लावता कामा नये. अखेर एका वृद्ध सभासदाने तोड काढली. त्यांना सगळे भोईकाका म्हणतात. धरलेला मासा जिवंत परत गेला पाहिजे. मेला तर त्याचे पैसे क्लबाने बाजारभावाने द्यावेत आणि ते वजन स्पर्धेत धरू नये. तीनहून जास्त मेले तर पुढच्या वर्षी स्पर्धा नाही. "तुमचा खेळ होते सायेब," ते म्हणाले, "आमचं पोट हाय."

फाल्गुनातला रविवार होता. बांधाच्या पलीकडे पळस पेटला होता. चिठ्ठ्या टाकून जागा ठरल्या. मला अकरा नंबरची, काट्यापासून सर्वांत लांब. काटा म्हणजे क्लबाचा वजनकाटा. तो मोहाच्या झाडाखाली टांगलेला, त्याच्याशेजारी वही घेऊन चिटणीस. नियम असा, की सात ते बारा धरलेले मासे जाळीच्या लांब पिशवीत घालून काठाच्या पाण्यात ठेवायचे आणि बारा वाजता सर्वांसमक्ष तोलायचे. ज्याचे एकूण वजन जास्त, त्याला ढाल.

सरकीची ढेप, भाताचा कोंडा आणि भाजलेली मेथी यांचे गोळे मी पाण्यात टाकले. गळाला कणकेची गोळी. गळाचा उलटा दात घासून टाकलेला, कारण तसा गळ माशाच्या ओठातून चटकन निघतो. पाण्यावर मोरपिसाची काडी उभी. तिच्याकडे बघत बसणे हा या खेळाचा नव्वद टक्के भाग आहे. वाचकांना त्यात काही नाट्य दिसणार नाही. परंतु काडी एकदा थरथरली, की ज्याला पोरांच्या परीक्षेचा निकाल ऐकताना धडधडत नाही अशा माणसाचीही छाती धडधडते.

दहा वाजेपर्यंत मला दोन रोहू मिळाले, दोन्ही दीड-दीड किलोंच्या आसपास. चार नंबरवर बसलेल्या एका निवृत्त खजिनदारांकडे आठ किलो जमल्याची बातमी काठाकाठाने आली. पाणी तापू लागले होते. मी काडी वर सरकवून गळ उथळ केला. ऊन चढल्यावर कटला वर फिरताना मी अनेकदा पाहिला होता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी काडी नुसती नाहीशी झाली. रीळ ओरडू लागले. दोर माझ्या अंदाजाने पाच किलोंचा भार सोसणारा. पलीकडे जे होते ते त्याहून जड होते, एवढे पहिल्याच धावेत कळले. अशा वेळी ओढावयाचे नसते. तो ओढील तेव्हा द्यायचे, तो थांबेल तेव्हा घ्यायचे. संसारातही हेच करतात, असे दहा नंबरवरचे गृहस्थ मागून सांगत होते. त्या वेळी मला संसाराविषयी काही ऐकायचे नव्हते. वीस मिनिटांनी रुंद डोक्याचा, करड्या पाठीचा तो कटला हातजाळीत आला तेव्हा माझे गुडघे कापत होते.

भोईकाका केव्हा येऊन उभे राहिले कळले नाही. त्यांनी पाण्यात हात घातला आणि म्हणाले, "पाणी तापलं. हा दमला हाय. पिशवीत घातला त बारापावतर जगत नाही."

ते खरे होते. दमलेल्या माशाला प्राणवायू अधिक लागतो, आणि तापलेल्या पाण्यात तो कमी असतो. चिटणीस चारशे पावलांवर. मासा तिथवर उचलून न्यावा तर त्याचे हाल, काटा इकडे आणावा तर नियमात तरतूद नाही. पिशवीत ठेवावा आणि अर्धा तास दैवावर सोडावा, म्हणजे ढाल बहुधा माझी. अकरा वर्षांत माझे नाव त्या ढालीवर एकदाही कोरले गेलेले नाही.

भोईकाकांच्या खांद्याला बाजारात वापरायचा स्प्रिंगचा काटा लटकत होता. ओले फडके करून मासा त्यात घेतला. साडेनऊ किलो. दहा नंबरच्या गृहस्थांनी वाचले, भोईकाकांनी वाचले, मी दोनदा वाचले. मग मी गुडघाभर पाण्यात उतरून त्याला दोन्ही हातांवर सरळ धरले. बराच वेळ तो नुसते कल्ले हलवीत राहिला. मग शेपटीचा असा फटका दिला की माझा चष्मा तलावात गेला. चष्मा मिळाला, कटला गेला.

मोहाखाली जो वाद झाला तो एखाद्या विधिमंडळाला शोभला असता. एका पक्षाचे म्हणणे, दोन साक्षीदार आहेत, वजन धरा. दुसऱ्याचे म्हणणे, आज बाजारचा काटा चालवलात तर उद्या प्रत्येक जण घरचा काटा आणील. चिटणिसांनी वजन अमान्य केले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते, आणि मला ते अजिबात आवडले नाही. खजिनदारांच्या पिशवीतला एक मोठा रोहू उलटा तरंगत होता; त्याचे वजन गेले आणि ढाल सहा नंबरच्या एका कॉलेजकुमाराकडे गेली, ज्याने आयुष्यात दुसऱ्यांदाच गळ टाकला होता. माझा नंबर सातवा.

मेलेले मासे एकूण दोन. पैसे तिथेच मोजून दिले. संस्थेतल्या तरुणांपैकी एकाने ते घेतले, पुन्हा मोजले आणि विचारले, "तो कटला कुठं सोडला?" मी जागा दाखवली. होळीनंतर जाळ्यात तो आला की नाही, हे मी विचारलेले नाही.

पुढच्या स्पर्धेला परवानगी मिळाली आहे. नियमही बदलला: मासा काट्याकडे न्यायचा नाही, काटा माशाकडे न्यायचा, आणि तोलला की लगेच सोडायचा. काटा घेऊन तलावाभोवती फिरण्याचे काम भोईकाकांनी घेतले आहे. दिवसाची मजुरी त्यांनी आधी ठरवून घेतली, आणि चहा निराळा.