मुठीवरचे व्हार्निश

कारखान्यातून आलेली वस्तू घरी घासूनपुसून पुन्हा 'आपली' करण्याचा खटाटोप हा रिकामपणाचा उद्योग समजला जातो. आमचे मत निराळे आहे. तो वाचनाचाच एक प्रकार आहे, आणि वाचनातले प्रमाद त्यातही घडतात.

फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये एक घडीचा चाकू बनवला. १८९७ मध्ये त्याची १ ते १२ क्रमांकांची मालिका ठरली. १९५५ मध्ये उघडे पाते जागी धरणारे फिरते कडे त्याला जोडले गेले. शेतकऱ्याच्या खिशात राहणारी ही साधी वस्तू. एका माजी विद्यार्थ्याने आम्हांला त्यातला आठ क्रमांकाचा चाकू भेट दिला: बीचच्या लाकडाची मूठ, कार्बनी पोलादाचे पाते. मुठीवरचे चकचकीत व्हार्निश आम्हांला खुपू लागले. अनुक्रमे १२०, २४० आणि ४०० क्रमांकांच्या पॉलिश पेपरने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने ते उतरवले आणि जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. हे तेल नुसते वाळत नाही; हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते. त्यात उष्णता निर्माण होते, म्हणून तेलाचा बोळा चुरगाळून टाकू नये, तो पेटू शकतो, पसरूनच वाळवावा. पाते साबणाने धुऊन व्हिनेगरमध्ये ठेवताच त्यावर करडी छटा चढली. आमच्या आज्यांच्या विळ्यांवर चिंच आणि कैरी हेच काम करीत असत. त्याला कलाकुसर म्हणावे असे कोणाला सुचले नव्हते.

इथवर सारे ठीक झाले. मग धार लवकर लागावी म्हणून आमच्यापैकी एकाने पाते विजेच्या सहाणेवर धरले. क्षणात धारेलगत निळी झाक उमटली. पोलाद तापले, पाण्यात बुडवण्याचे भान राहिले नाही, आणि पात्याचे पाणी उतरले. तो निळा भाग संपेपर्यंत धार दगडावर हाताने मागे न्यावी लागली. त्यात दोन संध्याकाळ गेल्या आणि पाते कायमचे अरुंद झाले.

या अपघाताने आम्हांला शिकवले ते वर्गातही उपयोगी पडेल, असे वाटते. तयार नोट्स आणि गाइडे म्हणजे पाठ्यकृतीवरचे व्हार्निश, असे आपण तुच्छतेने म्हणतो. पण व्हार्निश ही काही लबाडी नव्हे. ते दमटपणा अडवते. ते नसेल तर पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पाते मुठीत अडकून बसते. ते उतरवणाऱ्याने वेळोवेळी तेल देण्याची जबाबदारी पत्करलेली असते. विद्यार्थ्याच्या हातून गाइड काढून घेणारा आणि पुढे त्याच्यासोबत मूळ संहितेपाशी न बसणारा शिक्षक निम्मेच काम करतो. आम्हीही अनेक वर्षे निम्मेच काम केले आहे.

दुसरे असे, की अर्थाची छटा वाचकागणिक बदलावी, बदलतेच. पण संहितेलाही पाणी दिलेले असते. हाती आलेल्या सिद्धान्ताच्या चाकावर ती भरधाव धरली, की ठिणग्या सुंदर दिसतात आणि धार मरते. वाचकाचे स्वातंत्र्य आम्हांला मान्य आहे. मात्र मधूनमधून पाण्यात बुडवण्याची सवय हा त्या स्वातंत्र्याचाच भाग आहे.

एक आक्षेप आम्ही स्वतःवरच घेतो. ज्या कामाला आम्ही 'वाचन' म्हणून गौरवतो, तेच काम शिकलगार पिढ्यान्‌पिढ्या दारोदार हिंडून करीत आले. त्यांच्या कौशल्याला आपण ज्ञान म्हटले नाही. चार पैसे हातावर ठेवले आणि दार लावून घेतले. आमच्या हौसेला निबंधाची प्रतिष्ठा मिळते, त्यांच्या श्रमाला मिळाली नाही. पाते निळे पडताना आमच्या शेजारी असा एखादा जाणता उभा असता, तर त्याने ते दगडावर टेकताच हात धरला असता.