वॉटर पार्कच्या बाकावर बसलेले गिऱ्हाईक

वॉटर पार्क म्हणजे लेकरांचा खेळ, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. धंद्याच्या नजरेने पाहिले तर ती खरी नाही. लेकरू हट्ट धरते, पण खिशात हात घालतो तो मोठा माणूस. बहुतेक पार्कांत मुलांचे तिकीट वयावर नव्हे तर उंचीवर ठरते. ठरावीक उंचीच्या खालचे मूल फुकट, त्यावरचे सवलतीत आणि त्याहून उंच असलेल्याला पूर्ण दर. म्हणजे बारा-तेरा वर्षांचा उंच मुलगाही हिशेबात 'मोठा' धरला जातो. लॉकरचे भाडे, पोहण्याच्या कपड्यांचे भाडे, दुपारचे जेवण आणि गाडीभाडे हा सारा खर्च पुन्हा मोठ्यांचाच असतो. थोडक्यात, हा धंदा मोठ्यांच्या पैशावर चालतो. या मोठ्यांपैकी निम्म्यांना, म्हणजे आपल्या घरातील स्त्रियांना, पाण्यात पाय घालण्याचीही सोय राहत नाही. आजचा हा लेख त्यासंबंधी आहे, आणि तो व्यापाराच्या पानावर का, हे वाचकांच्या पुढे लक्षात येईलच.

प्रथम या धंद्याची थोडी माहिती घेऊ. अमेरिकेत अॅरिझोना प्रांतातील टेंपी येथे १९६९ साली कृत्रिम लाटांचा तलाव सुरू झाला. समुद्रापासून शेकडो मैल दूर, वाळवंटात, लोक लाटेवर फळी घेऊन स्वार होऊ लागले. १९७७ साली ऑर्लँडो येथे 'वेट अँड वाइल्ड' उघडले आणि घसरगुंड्या, लाटांचा तलाव व दिवसभराचे एकच तिकीट अशी आजच्या वॉटर पार्कची घडी बसली. आपल्या मुंबईत गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड आणि १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम सुरू झाले. पुढे खोपोलीजवळ इमॅजिकाने २०१४ साली पाण्याचा पार्क काढला. तंबाखूच्या व्यापारात नाव कमावलेल्या संगमनेरच्या मालपाणी समूहानेही शिर्डी आणि लोणावळा येथे याच धंद्यात पाऊल टाकले.

आमच्या कारागीर वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे असे उदाहरण केरळचे आहे. कोचौसेफ चिट्टिलप्पिल्ली यांनी १९७७ साली वडिलांकडून एक लाख रुपये उसने घेऊन व्होल्टेज स्टॅबिलायझर बनविण्याचा लहानसा कारखाना काढला. त्यातून व्ही-गार्ड ही कंपनी उभी राहिली. २००० साली त्यांनी कोचीला वीगालँड हा पार्क उघडला. तोच पुढे वंडरला झाला आणि २०१४ साली त्या कंपनीचे शेअर बाजारात आले. या कंपनीने आपले बरेच पाळणे आणि झोपाळे बाहेरून विकत न घेता स्वतःच्या कारखान्यात बनविले. ज्याच्या हाती कारागिरी आहे त्याला परक्या यंत्रापुढे हात जोडून उभे राहावे लागत नाही, हा यातला धडा आहे.

बाक आणि पाटी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणत्याही पार्कात जा, लाटांच्या तलावाच्या काठावर सावलीची बाके असतात. त्यांवर कोण बसलेले असते? अम्मी, खाला, भाभी, थोरली आपा. मांडीवर सगळ्यांच्या चपला, पिशव्या, घड्याळे आणि मोबाइल. घरातील सात माणसे गेली, सातांची तिकिटे निघाली, पाण्यात उतरली चार. उरलेल्या तिघींनी तितकेच पैसे देऊन सामान सांभाळले. आम्ही हे दृश्य वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. ते केवळ मुस्लिम घरांचे आहे असेही नाही. साडी नेसलेल्या कितीतरी मराठी, गुजराती, मारवाडी सासवा-सुना त्याच बाकांवर बसलेल्या असतात.

पाण्याजवळ पाटी असते: सुती कपडे, जीन्स, साडी, ओढणी, बुरखा घालून पाण्यात उतरू नये, फक्त नायलॉनचा किंवा सिंथेटिक कपडा चालेल. ही पाटी वाचून आपले काही बांधव संतापतात. आमचे म्हणणे असे की, संतापण्यापूर्वी कापड समजून घ्यावे. आपल्यातले निम्मे लोक कापडाच्याच धंद्यात आहेत, त्यांना हे सांगायला नको. सर्वसाधारण दमट हवेतून कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी शोषतो, नायलॉन सुमारे चार टक्के आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. हवेत असताना ही तऱ्हा, मग तलावात काय होईल? सुती कुर्ता भिजून जड होतो, अंगाला ओढतो, आणि पोहता न येणाऱ्याला ते धोक्याचे आहे. घसरगुंडीवर तो चिकटतो. त्याचे तंतू सुटून गाळणयंत्रात जातात. कच्चा रंग पाण्यात उतरतो. बटण किंवा चेन घसरगुंडीच्या फायबरवर ओरखडे पाडते. ओढणीचे सुटे टोक सांध्यात अडकले तर गळ्याशी येते. एवढ्यापुरता पार्कवाल्यांचा नियम रास्त आहे, आणि रास्त गोष्टीला रास्त म्हणणे हे आपले काम आहे.

पण दुसरी बाजूही आहे. कापडाचा नियम ही एक गोष्ट आणि कपड्याच्या लांबीबद्दलची नापसंती ही दुसरी. एखादी भगिनी पूर्ण नायलॉनचा, अंगाबरोबरचा, सुटे टोक नसलेला, मनगटापासून घोट्यापर्यंतचा पोशाख घालून आली, तरी दारावरचा माणूस 'हे चालणार नाही' म्हणतो, असे प्रकार घडतात. कारण विचारले तर त्याला सांगता येत नाही. तेथे मात्र नियमाचे नाव पुढे करून माणसाला मागे ढकलले जाते. हे मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही. तिकीट घेतलेल्या गिऱ्हाइकाला कारण विचारण्याचा हक्क आहे.

लाटेवर स्वार होणारे झाकूनच असतात

अंगभर कपडा पाण्यात अडचणीचा असतो, असे म्हणणाऱ्यांनी सर्फिंग पाहावे. कर्नाटकात मंगळूरजवळच्या मुल्की गावी २००४ पासून सर्फिंग शिकविणारा क्लब आहे. तमिळनाडूत चेन्नईच्या दक्षिणेस कोवलम गावची कोळ्यांची पोरे या खेळात नावाजली आहेत. आखातात अबुधाबीच्या हुदैरियात बेटावर २०२४ साली कृत्रिम लाटांचे मोठे केंद्र उघडले. अमेरिकन सर्फर केली स्लेटर यांच्या कंपनीचे तंत्र तेथे वापरले आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे जागतिक स्पर्धेची एक फेरीही झाली.

या खेळातले पुरुष आणि स्त्रिया अनेकदा मनगटापर्यंत बाह्यांचा, गळाबंद, ताणला जाणारा अंगरखा घालतात. त्याला रॅश गार्ड म्हणतात. त्याचा हेतू धार्मिक नाही. फळीवर घासून छाती-पोटाची कातडी सोलू नये आणि उन्हाने अंग भाजू नये, म्हणून तो घालतात. थंड पाण्यात तर गळ्यापासून घोट्यापर्यंतचा रबरी पोशाख घालतात. म्हणजे पाण्यात सर्वांत जास्त वेळ घालविणारे, सर्वांत तरबेज लोकच अंग झाकून घेतात. लांब बाहीने कोणी बुडत नाही. बुडतो तो जड आणि सैल कापडाने. हा फरक दारावरच्या माणसाला समजावून सांगता आला पाहिजे.

हा धंदा दुसऱ्यांनी केला

तुर्कस्तानात १९९० च्या दशकातच 'हाशेमा' या नावाने मुस्लिम स्त्रियांसाठी पोहण्याचे कपडे निघू लागले. ऑस्ट्रेलियातील सिडनीत मूळच्या लेबनॉनच्या अहेदा झानेटी यांनी २००४ च्या सुमारास अंगभर पोहण्याचा पोशाख तयार केला आणि त्याला 'बुर्किनी' नाव दिले. आपल्या भाचीला हिजाब आणि सैल कपड्यांत खेळताना होणारी अडचण पाहून त्यांना ही कल्पना सुचली. त्यांनी भाषण केले नाही, कपडा शिवला. २००७ साली सिडनीच्या किनाऱ्यावर एक मुस्लिम तरुणी हाच पोशाख घालून जीवरक्षक म्हणून उभी राहिली. २०११ साली इंग्लंडच्या प्रसिद्ध पाककला-लेखिका नायजेला लॉसन, ज्या मुस्लिम नाहीत, उन्हापासून बचाव म्हणून तो घालून समुद्रावर गेल्या. २०१६ साली फ्रान्समधील काही गावांनी त्यावर बंदी घातली, तेव्हा तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका गावची बंदी स्थगित केली. त्या गदारोळाने पोशाखाचे नाव जगभर झाले.

आता आम्ही विचारतो, शिवणकामात पिढ्यान्‌पिढ्या असलेला आपला समाज या मालात कोठे आहे? धारावी, गोवंडी, मदनपुरा, भिवंडी येथे शिलाईची यंत्रे रात्रंदिवस चालतात. दुसऱ्याच्या नावाचा माल आपण शिवतो आणि नगामागे मजुरी घेतो. आपल्याच घरच्या बाईला पाण्यात उतरता येईल असा कपडा मात्र इंटरनेटवरच्या दुकानातून मागवावा लागतो, आणि तो अंगाला येईल की नाही हे नशिबावर.

शिवणाऱ्यांसाठी चार गोष्टी

हे काम अवघड नाही, पण त्याची रीत वेगळी आहे. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागाचे विणलेले कापड येथे उपयोगाचे नाही. ताण देणारे निटिंगचे कापड लागते. नायलॉन-लायक्रा अंगाला मऊ, पण तलावातल्या क्लोरीनने लवकर विटते आणि लायक्राचा ताण जातो. भाड्याने द्यायच्या कपड्याला पॉलिस्टरचे प्रमाण अधिक असलेले कापड टिकते. चौरस मीटरला १८० ते २२० ग्रॅमच्या आसपासचे घ्यावे. त्याहून पातळ घेतले तर भिजल्यावर अंग दिसते, आणि मग सारा खटाटोप व्यर्थ.

धागा सुती नको, पॉलिस्टरचा हवा. सुई गोल टोकाची, नाहीतर जाळीला भोके पडतात. टाका ताणणारा हवा, म्हणून ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक यंत्रे लागतात. साध्या यंत्राची सरळ शिलाई पहिल्याच ताणात तुटते. अंगरखा गुडघ्याच्या वर ठेवावा आणि आतून विजारीला लूपने अडकवावा, म्हणजे पाण्यात वर तरंगत नाही. डोक्याचे टोपडे अंगरख्यालाच जोडलेले असावे. बाहेर नाडी, बटण, धातूची चेन काही नको. असा नग हातात असला की पार्कच्या पाटीवरील प्रत्येक अटीचे उत्तर त्यातच मिळते.

कराचा हिशेबही अनुकूल आहे. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी पाच टक्के आहे. कृत्रिम धाग्यावरचा दरही त्याच वेळी बारावरून पाचावर आला. गिऱ्हाईक केवळ आपली बिरादरी समजू नये. बाकावर बसलेली साडीतली मावशी, उन्हाला जपणारी मुलगी, अंगावरचे डाग झाकू पाहणारी बाई, या सर्वांना तोच कपडा हवा आहे. म्हणून कपड्याचे नाव साधे ठेवा, माल सर्वांना विका.

मौज आणि इस्राफ

काही बुजुर्ग म्हणतील, व्यापाराच्या पानावर हे मौजमजेचे काय? आम्ही फतवा देत नाही, तो आमचा अधिकार नव्हे. मुलांना पोहणे आणि घोडेस्वारी शिकवावी, असे हजरत उमर (रजि.) यांच्या नावे सांगितले जाते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. इस्राफ मात्र वाईट, याबद्दल दुमत नाही. सात तिकिटे काढून तिघींना बाकावर बसविणे हा इस्राफ नव्हे काय?

स्त्री-पुरुषांच्या एकत्र गर्दीबद्दल ज्यांना संकोच आहे, त्यांच्यासाठीही मार्ग आहे, आणि तो व्यापाऱ्यालाच सुचेल असा आहे. एप्रिल ते जून हा या धंद्याचा हंगाम. त्याबाहेर, विशेषतः आठवड्याच्या मधल्या दिवशी, पार्कवाल्याची यंत्रे, पंप आणि नोकर रिकामे असतात. अमिरातीत खास महिलांसाठी रात्र राखून ठेवण्याचा प्रघात पडला, त्यामागे हिशेबही आहे. कोकणातल्या ज्या घरांतील माणसे आखातात नोकरीला आहेत, त्यांना हे ठाऊक असेल. आपल्या व्यापारी संघाने, मोहल्ला कमिटीने किंवा मुलींच्या शाळेने दोनशे-तीनशे तिकिटांची एकरकमी हमी देऊन मंगळवार-बुधवारचा दिवस महिलांसाठी मागावा. जीवरक्षक स्त्रिया असाव्यात, ही अट लेखी घालावी. रोख गिऱ्हाईक परत पाठविणारा दुकानदार आम्ही अजून पाहिला नाही.

शिलाईवाल्यांनी तर तयार नग घेऊन थेट पार्कच्या व्यवस्थापकाला भेटावे. भाड्याच्या कपड्यांचा गल्ला ते स्वतःच चालवितात. त्यात दहा-वीस नग अंगभर पोशाखाचे ठेवा, खपले नाहीत तर परत नेऊ, असे सांगावे. पोशाख मान्य असल्याचे पत्र मिळाले तर ते आपल्या दुकानात लावावे. तंटा करून एका दिवसाचा प्रवेश मिळेल. माल देऊन मिळालेला प्रवेश कायमचा असतो, आणि त्यात चार घरांची चूलही पेटते.

पुढच्या उन्हाळ्याला अजून वेळ आहे. हे नमुने शिवण्याचे दिवस आहेत. आपल्या अम्मी आणि आपा त्या बाकावरून उठाव्यात, आणि त्यांच्या अंगावरचा कपडा आपल्याच कारागिराच्या हातचा असावा, इतकीच आमची अपेक्षा आहे. अल्लाह आपल्या रोजगारात बरकत देवो.