व्हिसा, व्याज आणि विषय

दिवाळीची सुट्टी हा आता अर्जांचा हंगाम झाला आहे. अमेरिकेतल्या ‘फॉल’साठी, म्हणजे पुढच्या ऑगस्टमधल्या प्रवेशासाठी, बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. त्यामुळे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुले अभ्यंगस्नान उरकून लॅपटॉप उघडतात, एसओपीचा, म्हणजे प्रवेशासाठीच्या निवेदनाचा, कितवातरी खर्डा पुढे ओढतात आणि प्राध्यापकांना पाठवलेल्या शुभेच्छांच्या खालीच एलओआरची, म्हणजे शिफारसपत्राची, नम्र आठवण चिकटवतात. फराळाला आलेला काका विचारतो, ‘‘मग, कुठला देश ठरला?’’ काय शिकणार, कोणाकडे शिकणार, हे विचारायचे त्याला सुचत नाही आणि ते राहून गेले असे घरात कोणाला वाटतही नाही. यंदाच्या अंकातला मोठा विभाग आम्ही परदेशी शिक्षणाला दिला, तो या काकाला डोळ्यांसमोर ठेवून.

फेब्रुवारी १८८३ मध्ये कोलकात्याजवळच्या सेरामपूरला कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. पती गोपाळराव तिथे टपाल खात्यात नोकरीला होते. बाई डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्याची बातमी पसरली होती आणि जो तो शंका काढत होता. आनंदीबाईंनी त्या शंकांचे सहा प्रश्न केले आणि भर सभेत, इंग्रजीतून, एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही का? एकटीने का? परत आल्यावर वाळीत टाकले तर? तिथे काही बरेवाईट झाले तर? आणि आजवर कोणत्याही बाईने केले नाही ते तुम्हीच का करायचे?

यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. मद्रासला कॉलेज आहे, हे त्यांनी लपवले नाही. इतर इलाख्यांत सुईणपणाचे वर्ग चालतात, हेही सांगितले आणि हे शिक्षण आपल्याला पुरे का पडणार नाही, तेही. म्हणजे जवळचे पर्याय तपासून, मग ते बाजूला ठेवून त्या निघाल्या होत्या. त्या जिथे शिकल्या ते फिलाडेल्फियाचे कॉलेज १८५० पासून केवळ स्त्रियांना वैद्यक शिकवत होते. विषयाने गाव ठरवले. परत येऊन काय करायचे, याविषयीही मनात गोंधळ नव्हता. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि पाठोपाठ कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागावर नेमणूकही झाली. क्षयाने ते काम त्यांना करू दिले नाही.

आजच्या घरांत हे प्रश्न उठत नाहीत, कारण परदेशी जाण्यात धक्का बसण्यासारखे काही उरलेले नाही. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, चीनपेक्षाही अधिक. पण न विचारण्याचे आणखी एक कारण आहे: उत्तर सगळ्यांना ठाऊक असते. बहुतेकांना जायचे असते ते राहण्यासाठी. शिक्षण हा त्यातला सर्वांत सभ्य आणि त्यातल्या त्यात सोपा मार्ग. यात गैर काही नाही. पोटासाठी आणि बऱ्या आयुष्यासाठी माणसे गाव सोडतच आली आहेत. निम्मे कोकण तसेच मुंबईत आले. अडचण एवढीच की हे मोकळेपणाने म्हटले जात नाही, आणि न म्हटल्यामुळे शिकण्याचा आणि देश सोडण्याचा असे दोन निर्णय एकाच अर्जात कोंबले जातात.

ते एकमेकांत कसे अडकतात, हे कर्जाच्या कागदावर दिसते. ४० लाखांचे कर्ज, ११ टक्के व्याज, फेडीला १० वर्षे. शिकत असतानाचे व्याज न धरताही महिन्याचा हप्ता ५५ हजारांवर जातो. न्यू जर्सीतल्या पगारातून तो निघतो. हिंजवडीतल्या पहिल्या पगारातून निघत नाही. कर्ज शिक्षणासाठी काढलेले असते, पण फेड तिथल्या नोकरीवर बेतलेली असते आणि नोकरी व्हिसावर. आईवडिलांनी फ्लॅटचे कागद बँकेत ठेवले, त्याच दिवशी मुलाचे परतणे काही वर्षांपुरते महाग झाले. हे त्या दिवशी जेवताना कोणी बोलत नाही. शेतकऱ्याच्या घरात याहून वेगळी गाठ आहे. थकलेल्या कर्जाचे तारण बँकेला थेट विकू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, म्हणून सातबारा कितीही ऐसपैस असला तरी शैक्षणिक कर्जाला बँका तो सहसा तारण धरत नाहीत. मग मामाच्या शहरातल्या फ्लॅटपुढे शब्द टाकायचा, नाहीतर विनातारण पण चढ्या दराने देणाऱ्या खाजगी वित्तसंस्थेच्या दारात जायचे.

ज्यावर ही सगळी फेड टेकलेली, ते व्हिसाचे नियम मात्र अभ्यासक्रम पूर्ण व्हायच्या आत बदलतात. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर मर्यादा घातली आणि खात्यात दाखवायची रक्कम १०,००० वरून २०,६३५ कॅनेडियन डॉलर केली. ब्रिटनने त्याच महिन्यापासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुले सोबत नेणे बंद केले. ऑस्ट्रेलियाची विद्यार्थी-व्हिसाची फी वर्षभरात ७१० वरून आधी १,६०० आणि मग २,००० ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेली. अमेरिकेने मे २०२५ मध्ये नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या; सप्टेंबरात एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि ते नेमके कोणाला लागू, हे कळेपर्यंत अनेक घरांची झोप उडाली.

या ओढाताणीत वाकतो तो विषय. अमेरिकेत पदवीनंतर ओपीटीवर १२ महिने काम करता येते; विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीतल्या विषयांना आणखी २४ महिने मिळतात. इतिहास, समाजकार्य, साहित्य शिकणाऱ्याला ती मुदत नाही. म्हणून ज्याला नगररचना शिकायची होती तो डेटा सायन्सकडे वळतो, आणि तिकडची विद्यापीठेही काही कमी नाहीत: आपला अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम त्या यादीत बसावा म्हणून ती त्याची फेरमांडणी करतात. इमिग्रेशनच्या एका कलमाने आपल्याकडच्या मुलांची आवड ठरवावी, ही गोष्ट आम्हाला महागड्या फीपेक्षाही अधिक खटकते.

जर्मनीचे नाव अलीकडे वाढत्या आशेने घेतले जाते. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली आहे. वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावे लागतात, पण ते आपलेच पैसे असतात, महिन्याला ९९२ युरोप्रमाणे परत हाती येतात. कर्ज लहान राहते, म्हणून परतण्याचा दरवाजाही उघडा राहतो. आमच्या मते जर्मनीचा खरा फायदा हा आहे. त्याची किंमत भाषेत मोजावी लागते. वर्ग इंग्रजीत भरतात, नोकरी बहुधा जर्मनमधून मिळते, आणि ती भाषा विमानात बसल्यावर शिकून होत नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात दोन वर्षे आधीपासून जो बसतो, त्याचे तिथे जमते.

इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या त्या मानववंशशास्त्रासाठी. पती दिनकर कर्वे जर्मनीतच रसायनशास्त्र शिकून आले होते, त्यामुळे देश घराच्या माहितीतला होता. तरी स्त्रीशिक्षणासाठी झटणारे सासरे धोंडो केशव कर्वे यांना हे जाणे पसंत नव्हते (होय, तेच!) आणि पैसा जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घ्यावा लागला. कर्ज तेव्हाही होते. फेडण्यासाठी बर्लिनला राहावे लागेल, अशी अट मात्र त्यात दडलेली नव्हती.

‘यंदा नाही’ हेही उत्तर असू शकते, याचा आपल्याला विसर पडला आहे. डॉ. आंबेडकरांचे परदेशातले शिक्षण आपण सलग समजतो. ते तसे नव्हते. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, बदल्यात संस्थानाच्या सेवेचा करार. १९१६ मध्ये लंडन गाठले. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बडोद्यात अपमान झाला, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा साठवला. शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांनी हातभार लावला, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. आजच्या कन्सल्टंटने मधल्या वर्षांना ‘गॅप’ म्हटले असते आणि एसओपीत ती झाकायची कशी, ते शिकवले असते.

कन्सल्टंटविषयी एवढेच, की ज्यांचा सल्ला विद्यार्थ्याला फुकट मिळतो त्यांना मोबदला बहुधा विद्यापीठाकडून येतो. त्यांनी काढलेली यादी तेवढे लक्षात ठेवून वाचावी. त्या यादीत सहसा न दिसणारी एक वाट म्हणजे पीएच.डी. अमेरिकेत चांगल्या पदवीधराला मास्टर्सशिवायही तिला प्रवेश मिळू शकतो, फी माफ होते आणि विद्यावेतन मिळते. जर्मनीत ती अनेकदा पगारी नोकरीच असते. अमेरिकेतल्या संशोधन-निधीच्या कपातीने यंदा तिथल्या जागा आटल्या आहेत, हे खरे. तरीही ज्याला खरोखर विषयच हवा आहे त्याने पुण्याच्या आयसरमध्ये किंवा बंगळुरूच्या आयआयएससीत मास्टर्स करून मग बाहेर पडणे, हा आमच्या दृष्टीने आज सर्वांत कमी कर्जाचा आणि सर्वांत जास्त अभ्यासाचा मार्ग आहे. (एमबीबीएससाठी रशिया-जॉर्जियाला जाणाऱ्यांचे गणित निराळे, परतल्यावर इथे डॉक्टरकी करण्यासाठी द्यायच्या एफएमजीई परीक्षेसह त्याचा विचार अंकात स्वतंत्रपणे केला आहे.)

आता परदेशी विद्यापीठेच आपल्या दारी येऊ घातली आहेत. यॉर्क, ॲबर्डीन, ब्रिस्टल यांनी मुंबईत शाखा काढण्याचे जाहीर केले आहे. नाव तेच, पदवी त्यांचीच, राहणे घरी. फक्त त्या पदवीसोबत लंडनमध्ये नोकरी शोधण्याचा व्हिसा येणार नाही. त्या वर्गांत किती जण बसतात आणि कोणते विषय निवडतात, हे पुढच्या दोन-तीन प्रवेशांत कळेल. तोवर काकांनी देश विचारायच्या आधी विषय विचारून पाहायला हरकत नाही.