गेलेल्या आईची कविता, जिवंत आईचा अर्ज

आईवरच्या कवितांच्या एका कार्यक्रमाला मी मध्यंतरी गेले होते. सभागृहात रुमाल निघाले, माझाही निघाला. दुसऱ्याच दिवशी आमच्या सल्ला केंद्रात एक मावशी आल्या. वय सत्तरीच्या पुढे. अकरा वर्षं त्यांनी नातवाला सांभाळलं. डबा, शाळा, दुखणीखुपणी, सगळं. नातू शिकायला बाहेरगावी गेला आणि मुलाने मावशींना गावच्या पडक्या घरात नेऊन सोडलं. (सुनेला खलनायिका ठरवायची घाई कुणी करू नये. पाळणाघराचे पैसे वाचले ते दोघांचे.) मी पोटगीच्या अर्जाचा विषय काढला, तशा त्या म्हणाल्या, "आई कधी लेकरावर केस करते का, ताई?"

हे वाक्य त्यांचं एकटीचं नव्हे. ते त्यांना शिकवलं गेलं आहे, आणि शिकवणाऱ्यांत आपली कविताही आहे, असं माझं म्हणणं आहे.

शाळेत आपण यशवंतांची 'आई' पाठ केली. माधव ज्युलियनांनी आईला मारलेली हाक लताबाईंच्या आवाजात ऐकली. दोन्ही कविता पोरक्या मुलाच्या आहेत. त्यांचं दुःख खरं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एवढं पाहा, की दोन्हींतली आई हयात नाही. गेलेल्या आईचे गुडघे दुखत नाहीत, तिला मोतीबिंदू होत नाही, ती औषधाला पैसे मागत नाही. अशा आईला आपण देव्हाऱ्यात बसवलं आणि त्याच मापाने जिवंत बाईला मोजायला लागलो. आजीचं तर त्याहून सोपं. मऊ लुगडं, गोष्ट आणि लाडू! लाडू वळणाऱ्या हातांना रजा कधी, हे कवी विचारत नाही.

आता बापाचं बघा. संदीप खरे यांच्या 'दमलेल्या बाबाची कहाणी'ने घराघरांत लोकांना रडवलं. गाणं चांगलं आहे. बापाने लेकीपाशी आपली चूक कबूल करावी, ही काही लहान गोष्ट नाही. पण त्याला दमायची मुभा आहे, आणि दमला म्हणून तो अधिकच आवडतो. दमलेल्या आईने अशीच कहाणी सांगितली, तर हेच श्रोते म्हणतील, "कसली ही आई!"

कविता म्हणजे काही कायद्याचं पुस्तक नव्हे, असं माझे एक कविमित्र मला ऐकवतात. नसेल. पण बायकांनी स्वतः रचलं तेव्हा ते असं एकसुरी झालं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत लेकराची माया आहेच. पण लेक झाली म्हणून तोंड पाडणारं घर आहे, सासुरवास आहे, राबण्याचा हिशेब आहे. माया आणि तक्रार एकाच घासातून दळली जाते. शिकलेल्या कवींनी त्यातली माया तेवढी चाळून घेतली.

मावशींना मी २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीचा कायदा समजावून सांगितला. वकील लागत नाही. प्रांताधिकाऱ्यांपुढे साधा अर्ज करायचा. अर्ज आजी-आजोबांनाही करता येतो. मिळून मिळणार किती, तर महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. तेही मुलाची ऐपत पाहून. दोन भेटी "नको, लोक काय म्हणतील" यातच गेल्या. तिसऱ्या भेटीला त्या आधार कार्ड घेऊनच आल्या. रकमेच्या रकान्याशी मी थांबले.

"दोन हजार लिही," मावशी म्हणाल्या. "त्याला हप्ते आहेत घराचे."

"मावशी, तुमच्या गोळ्यांनाच दीड हजार लागतात."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. दूध, गॅस, गोळ्या. मग नातवाच्या अकरा वर्षांपाशी आल्या आणि मोजायच्या थांबल्या.

"पाच लिही," म्हणाल्या.