मंदीतही महागाई : ‘स्टॅगफ्लेशन’ हा शब्द कुठे वापरावा?

गेल्या रविवारी विहारातील अभ्यासवर्गात बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने आम्हाला विचारले, “काका, स्टॅगफ्लेशन म्हणजे मंदीच ना?” आम्ही हजेरीच्या वहीतून मान वर न करताच “हो, मंदीच” असे सांगून मोकळे झालो. तिची आई बाजूलाच बसली होती. ती ठेकेदाराकडे सफाईचे काम करते. ती म्हणाली, “भाऊ, मंदी असली म्हणजे गिऱ्हाईक नसतं. गिऱ्हाईक नसलं की भाजीवाला संध्याकाळी मिळेल त्या भावात देऊन टाकतो. मग मंदीत तेल महाग कसं होतं?” बी. कॉम. झालेल्या आम्हाला याचे उत्तर चटकन देता आले नाही. घरी येऊन जुनी पुस्तके चाळली तेव्हा कळले, की आम्ही मुलीला चुकीचे सांगितले होते आणि आईने मात्र नेमक्या जागी बोट ठेवले होते. म्हणून या आठवड्याचे सदर या एका शब्दासाठी.

स्टॅग्नेशन आणि इन्फ्लेशन हे दोन शब्द कापून, जोडून हा तिसरा केलेला आहे. पहिल्याचे मूळ लॅटिन ‘स्टॅग्नम’मध्ये आहे. त्याचा अर्थ साचलेले पाणी, डबके. उत्पादन वाढत नाही, कामे निघत नाहीत, सगळे तुंबलेले. दुसऱ्याचा अर्थ भाववाढ. म्हणजे धंदा ठप्प, हाताला काम नाही आणि तरीही बाजारभाव चढतेच, अशी दुहेरी अवस्था. नुसत्या मंदीला इंग्रजीत रिसेशन म्हणतात, नुसत्या महागाईला इन्फ्लेशन. दोन्ही एकाच वेळी घरात शिरतात तेव्हाच हा शब्द वापरायचा. वर्तमानपत्रवाले कांद्याचे भाव चढले की लगेच तो छापतात, ते बरोबर नाही.

ब्रिटनचे हुजूर पक्षाचे खासदार इयन मॅक्लिऑड यांनी नोव्हेंबर १९६५ मध्ये कॉमन्स सभागृहात हा शब्द वापरला आणि तेथून तो रूढ झाला. पुढे जून १९७० मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि महिनाभरातच वारले. आपल्या शब्दाचे खरे दिवस त्यांना पाहायला मिळालेच नाहीत. ते आले १९७३ नंतर.

तोवर अर्थशास्त्रज्ञांचा समज जवळजवळ त्या माउलीसारखाच होता. ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी १९५८ साली ब्रिटनचे शंभर वर्षांचे आकडे मांडून दाखविले होते, की बेकारी वाढली की मजुरीची वाढ मंदावते आणि बेकारी घटली की ती वेग घेते. त्यावरून पुष्कळांनी असे धरले, की बेकारी आणि महागाई या तराजूच्या दोन पारड्यांसारख्या आहेत, एक वर गेले की दुसरे खाली. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेल पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून जानेवारी १९७४ पर्यंत जवळपास बारा डॉलरवर गेले आणि हा तराजूच मोडला. येथेच आईच्या प्रश्नाचे उत्तर आहे. गिऱ्हाईक कमी झाल्याने भाव उतरतात हे खरे, परंतु माल तयार करण्याचा आणि आणण्याचा खर्चच वाढला, तर कारखानदार भावही वाढवतो आणि माणसेही कमी करतो. अमेरिकेत १९७४ साली महागाई ११ टक्क्यांवर होती, तर मे १९७५ मध्ये बेकारी ९ टक्क्यांवर. ब्रिटनमध्ये १९७५ साली महागाईने २४ टक्के ओलांडले.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळाने आधीच कंबर मोडली होती. १९७४-७५ साली घाऊक भाव सुमारे २५ टक्क्यांनी वाढले आणि वाढीचा दर मात्र रखडलेला. आमचा जन्म नंतरचा, पण वडील गिरणीत होते, ते सांगत. जुलै १९७४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग आणि पगारवाढ संपूर्ण सक्तीच्या ठेवीत वळती केली. लोकांच्या हाती पैसा कमी आला म्हणजे भाव उतरतील, हा हिशेब. रक्कम पुढे हप्त्याहप्त्याने परत मिळाली हे खरे, परंतु तेव्हाचे रेशन तेव्हाच भरायचे होते.

महागाईत मजुरी नेहमी मागे राहते, हे बाबासाहेबांनी १९२३ सालच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात दाखविले होते. रुपयाचे मोल घसरले की निर्यातदाराला जो नफा होतो तो मजुराच्या वेतनातून निघतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा नवा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता.

या दुखण्याला औषध देणे अवघड, कारण एकाचे औषध दुसऱ्याला विष ठरते. नोकऱ्या वाढवायला पैसा सोडावा तर भाव भडकतात. भाव दाबायला व्याज वाढवावे तर नोकऱ्या जातात. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे पॉल व्होल्कर यांनी १९७९ पासून दुसरी वाट धरली. महागाई उतरली, पण १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली होती. बिल कोणाच्या नावे फाटले ते उघड आहे.

अलीकडे २०२२ साली श्रीलंकेला हा शब्द पुरेपूर लागू पडला. अर्थव्यवस्था सात टक्क्यांहून अधिक आकसली आणि सप्टेंबरमध्ये महागाई सत्तरच्या घरात गेली. भारतात त्या वर्षी भाववाढ होती, पण उत्पादनही वाढत होते, म्हणून येथे तो लावता येत नाही. कोरोनाचे २०२०-२१ हे वर्ष मात्र त्याच्या जवळ जाते. उत्पन्न घटले आणि किरकोळ महागाई सहा टक्क्यांच्या वर राहिली. त्याच काळात केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांचा वाढीव महागाई भत्ता अठरा महिने गोठविला आणि थकबाकी दिली नाही.

हे सर्व आम्ही परवा त्या मायलेकींच्या घरी जाऊन सांगितले आणि चूक कबूल केली. मुलीने वहीत उतरवून घेतले. आई म्हणाली, “भाऊ, भत्ता गोठवायला आधी असावा तर लागतो. आमच्या पगारात आहे का?” किमान वेतनातला विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढतो, तो तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर वेगळा दाखविलेला असायला हवा, असे आम्ही सांगितले. चिठ्ठी तिला आजवर मिळालेलीच नाही. येत्या रविवारी तिच्यासोबतच्या आणखी चार बायका अभ्यासवर्गाला येणार आहेत. आम्ही अर्जाचा मसुदा करून ठेवला आहे.